बाईसाहेब कात टाकणार

२ मार्च, सकाळ
आजपासून नियमित लिहायचं, कारण आजपासून मोहीम. मे महिन्याच्या मध्यावर लेक येणार आहे. नोकरीला परगावी गेल्यापासून पहिल्यांदाच चांगली आठवडाभर राहायला. तोवर घोडीच्या अंगावरचा हिवाळी कोट उतरलेला पाहिजे. घोडी लेकीची, तिच्या शाळेच्या दिवसांपासूनची. जाताना माझ्या हवाली करून म्हणाली होती, बाबा, जमेल ना? मी म्हटलं, न जमायला काय झालं! घोडीला आम्ही बाईसाहेब म्हणतो. वयाने आता आमच्यातच जमा.
थंडी सरली की घोड्यांचे लांब केस आपोआप झडतात. आपण फक्त खरारा करून मदत करायची. व्हिडिओत पाहिलं, ब्रश फिरवला की झुबकेच्या झुबके. मी उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात गळती थांबवण्यात घालवला. आता एक गळती सुरू करायची, एवढंच. सकाळ-संध्याकाळ खरारा. यात खंड नाही.

३ मार्च
खंड. कंबर धरली. मोठ्या कामात सुरुवातीलाच विश्रांती घेतलेली बरी, पुढे जोम टिकतो.

६ मार्च
घाम निघेपर्यंत खरारा केला. निघालेले केस: चिमूटभर. बाईसाहेब तांबड्या, त्यामुळे चिमटीतले पांढरे बहुधा माझे. तरी सुरुवात उत्तम.

११ मार्च
दोष ब्रशचा होता. दुकानात जाऊन रबरी, लोखंडी आणि आडव्या पात्याचा असे तिन्ही आणले. दुकानदाराने विचारलं, घोडी किती वर्षांची? मी म्हटलं, बायकांचं वय विचारू नये. तो हसला नाही.

१५ मार्च
तिन्ही ब्रश वापरून झाले. बाईसाहेबांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे आवडलं. केस जिथल्या तिथे.
समोरच्या कुरणात दूधवाल्याचं तट्टू आहे. ते आठवडाभरात गुळगुळीत झालं. ही मला मुद्दाम खिडकीशी घेऊन गेली आणि म्हणाली, अहो, बघा जरा, आरशासारखं चमकतंय. मी म्हटलं, तट्टू ते तट्टूच. खानदानी जनावराला घाई नसते. ही म्हणाली, डॉक्टरला बोलवा एकदा. केस न गळणं हा जर आजार असेल, तर माझ्याइतका निरोगी माणूस गावात दुसरा नाही, असं मी डोक्यावरून हात फिरवत म्हटलं. चांगला जमला होता विनोद. ही भांडी घासायला निघून गेली.

२३ मार्च, दुपार
विज्ञानाची कास धरली. व्हॅक्यूम क्लीनर. व्हिडिओतला घोडा नुसता पेंगत उभा होता. आमच्याकडे बटण दाबल्याबरोबर बाईसाहेब मागे, क्लीनर पाण्याच्या बादलीत आणि मी वैरणीत. फ्यूज उडाला. एक गोष्ट मात्र लक्षात आली. एरवी अशा वेळी बाईसाहेब लाथ झाडायच्या. आज नुसत्या सरकल्या, त्याही दबकत. स्वभाव निवळतोय. माझ्या सहवासाचा परिणाम.

२४ मार्च
क्लीनर वाळत ठेवल्यापासून बैठकीच्या खोलीला पागेचा वास येतोय. ही बोलत नाही. घरात शांतता असली की विचार नीट होतो.

३० मार्च, रविवार
लेकीचा फोन. दर रविवारी न चुकता करते. हिचं म्हणणं, ती घोडीसाठी करते. मत्सर, दुसरं काय. आज म्हणाली, बाबा, बाईसाहेबांचा कोट उतरायला लागला का? मी म्हटलं, निम्मा उतरला. बोलताना मी स्वेटरची एक बाही काढलेली होती, तेव्हा अगदीच खोटं नाही. मग तिने विचारलं, आणि तुमची तब्येत? म्हणजे माझीही चौकशी झाली. हिला लगेच सांगितलं.

९ एप्रिल
नवा शोध. केस झडतात ते उबेने नाही, उजेडाने. दिवस मोठा झाला की जनावराच्या शरीराला कळतं आणि केस सुटतात, असं वाचलं. आमची पागा म्हणजे मागची जुनी गाडीची शेड, एका खिडकीची. तिथे उजेड येणार कुठून? वायरमनला बोलावून लखलखीत ट्यूब लावून घेतल्या. आता शेडमध्ये ऑपरेशन करता येईल. मधल्या काळात बुडालेल्या खराऱ्यांचं वाईट वाटायला नको, कारण ते केले असते तरी उपयोग नव्हता.

१६ एप्रिल
ट्यूबखाली गावातले सगळे किडे जमतात. केस नाहीत.
ही म्हणते, घोडी फार पाणी पिते. सकाळी भरलेली बादली चहा होईपर्यंत रिकामी, पुन्हा भरली तर पुन्हा रिकामी, आणि खालचा भुसा रोज ओलाचिंब. मी म्हटलं, पाण्यातलं मला सांगू नकोस. पाणी म्हणजे आरोग्य. आमच्या खात्याच्या कॅलेंडरवर छापलेलंच असायचं. ही म्हणाली, तुमच्या खात्याच्या पाण्याने अर्धं गाव आजारी पडलं होतं. जुने विषय काढायची सवय.

२२ एप्रिल
कडक ऊन. मी बनियनवर, बाईसाहेब अजून लोकरीत. उभ्या उभ्या घामाने निथळत होत्या. केस आता वाढून वळायला लागलेत, मानेखाली चक्क कुरळे. आधी जरा दचकलो. मग वाटलं, दिसतात छान. पोटही सुटलंय, म्हणजे तब्येत धरली. लेकीकडे असताना कशी शिडशिडीत होती घोडी!
हल्ली दुपारभर आडव्या असतात. उठल्या तरी पुढचे पाय ताणून, भार मागे टाकून उभ्या राहतात. ऐट आहे.

२७ एप्रिल, रविवार
लेकीने फोटो मागितला. म्हटलं, आता उजेड नाही, नंतर पाठवतो. ही शेजारून पुटपुटली, शेडमध्ये स्टेडियमइतके दिवे लावलेत की! रात्री फोनमधला गेल्या उन्हाळ्यातला फोटो पाठवला. घोडी तीच आहे. लेकीने उलट लिहिलं, किती गोड दिसतेय! बाबा, थँक्यू. मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. जेवण मात्र गेलं नाही. उष्मा.

४ मे
आता लपवाछपवी नको, थेट कारवाई. हिची शिवणाची कात्री घेतली. बाईसाहेब आडव्याच होत्या, त्यामुळे सोयीचं झालं. खांद्यावर एक चौकोन कापला. तो तिरका झाला म्हणून शेजारी दुसरा, त्या दोघांना जुळवायला तिसरा. उंदरांनी गालिचा कुरतडावा तसं दिसायला लागलं. बाईसाहेबांनी मान वळवून माझ्या बाहीवर तोंड टेकवलं. जड होतं. मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.
इतक्यात ही आली. माझ्या हातातून कात्री काढून घेतली. ओरडेल असं वाटलं होतं. म्हणाली, पुरे आता. मग घोडीकडे बघून पुन्हा म्हणाली, पुरे. आत जाऊन दार लावून कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

६ मे, दुपार
लेक आली. आठ-दहा दिवस आधीच, न कळवता, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना गाडीत घेऊन. मला आनंद झाला. म्हटलं, अगं, कळवायचंस तरी, थोडी तयारी केली असती! ती चपलाही न काढता सरळ मागे गेली. शेडच्या दारात थबकली. आणि तिच्या लहानपणच्या आवाजात म्हणाली, आई गं.
डॉक्टरीणबाईंनी केसांत हात घातला, पाठीवरून फिरवला. मला विचारलं, पाणी किती पिते? मी म्हटलं, व्यवस्थित. हिने मागून खरं काय ते सांगितलं. कधीपासून? तेही हिनेच सांगितलं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा केसांचा प्रश्नच नाही. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते. म्हाताऱ्या घोड्यांमध्ये ती बिघडते, मग कोट उतरत नाही, पाणी जास्त लागतं. मी विचारलं, उजेड दिला तर? त्या म्हणाल्या, काका, बाहेर उन्हाळा आलाय हे हिच्या शरीराला कळतच नाही. कितीही दिवे लावा. मी म्हटलं, पण पोट चांगलं सुटलंय. त्यांनी पिशवीतून केस कापायचं मशीन काढलं.
तासाभरात सगळा कोट जमिनीवर. इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते झुबकेच्या झुबके. आणि आत बाईसाहेब नव्हत्याच. फासळ्या होत्या. पाठीचा कणा वर आलेला, कमरेची हाडं हँगरसारखी, खाली ते पोट. लेक एक हात तिच्या मानेवर ठेवून उभी होती. दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरलं होतं.
मग पायांचे एक्स-रे काढले. याच आजाराने पुढच्या दोन्ही खुरांत आतलं हाड खाली सरकलंय म्हणे. उभं राहणं म्हणजे वेदना. लेकीने विचारलं, आधी कळलं असतं तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मार्चमध्ये पाहिलं असतं तर औषध होतं, काही वर्षं सहज निघाली असती. आता पाय हाताबाहेर गेलेत.
कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी केस एका कोपऱ्यात गोळा करत होतो. काहीतरी करायला हवंच होतं.

८ मे
डॉक्टरीणबाई सकाळी पुन्हा आल्या. इंजेक्शन. लेकीने काल रात्रीच ठरवलं, मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, थोडं थांबू, हवा पालटेल.
घोडीला कुरणात नेलं. चार पावलांची वाट, पण फार वेळ लागला. दोरी कोण धरणार, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, मी चहा टाकतो. कुणाला चहा नको होता. मी आत जाऊन टाकला. खिडकीतून लेक आणि ही दिसत होत्या, दोघींचे हात दोरीवर. मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसकडे लक्ष दिलं. पुन्हा पाहिलं तेव्हा घोडी खाली होती, आणि लेक तिच्याजवळ गवतात बसली होती.
चहा ओतून दिला.

११ मे, रविवार
लेक परत गेली. म्हटलं, आता आलीच आहेस तर राहा ना ठरल्याप्रमाणे आठवडाभर! म्हणाली, नाही बाबा, काम आहे.
फाटकापाशी मला म्हणाली, बाबा, स्वतःला दोष लावून घेऊ नका हं. मी लगेच म्हटलं, छे छे, मुळीच लावून घेत नाही. तिला बरं वाटावं म्हणून अगदी ठासून म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. आणखी काहीतरी मी बोलेन अशी वाट बघितल्यासारखी. मी म्हटलं, गाडी सावकाश चालव. मग ती बसली आणि गेली.
ही अजून फाटकापाशीच उभी आहे. ऊन चढलंय, आत ये, असं म्हटलं. ऐकू गेलं नसावं.