कडूबाईचं पांढरं पीठ

ता. शेवगाव
शुक्रवार, २ फेब्रुवारी १९७३

चि. पुष्पावतीस आईचा आशीर्वाद. जावईबापू हे पत्र वाचून दाखवतील, तेव्हा तो त्यांनाही पोचू दे. उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत थंडी फार लागत असेल. गोधडी दुहेरी करून घेत जा.

सोमवारची सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही. रोजच्यासारखीच होती. चूल सारवली, टँकरच्या रांगेत घागर लावून आले, तुझ्या साळूची वेणी घातली. तिचे केस हल्ली भुरे झालेत, फणीत फार येतात. उन्हाने असेल. मग कडूबाईने भिंतीवरून पिठाचा डबा माझ्या हातात दिला. ती कडूबाई आता माझ्याशी बोलत नाही. का ते लिहायलाच बसले आहे.

आपल्या ओसरीत लीनाबाई म्हणून पुण्याची एक मुलगी उतरली आहे. मंगळवारी जाणार होती, गेलेली नाही. माणसं रोज काय आणि किती खातात हे मोजायला सरकारने तिला पाठवलं. गावातली पाच घरं निवडलेली. एका दिवशी एक घर. सकाळीच जायचं, भिजवण्याआधी पीठ तराजूत घालायचं, डाळ-तेल मोजायचं, मग कुणाच्या ताटात किती पडलं ते लिहायचं. मला वाचता येतं म्हणून मी वजनं घेऊन बरोबर हिंडत होते. तुझे वडील गेल्यावर सातबाऱ्यावरून त्यांचं नाव कसं कमी केलं ते आपल्या डोळ्यांनी पाहावं म्हणून मी अक्षरं शिकले. ती अशी कामाला आली.

पहिलं घर कडूबाईचं. तिच्या भावाने राहुरीहून पांढरी ज्वारी पाठवलेली, तिचं पीठ तिने काढलं. एरवी सगळं गाव रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खातं, तू दिवाळीला पाहिलंसच. पण परक्या माणसापुढे तो डबा कोण उघडणार? लीनाबाईने पहिलं माप घातलं आणि 'एक' म्हणाली.

"लाभ म्हना, बाई," कडूबाई म्हणाली. "धान्य मोजताना एक म्हनत न्हाईत."

तुझे वडील खळ्यावर तसंच म्हणायचे. मला तराजूकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी भागूबाईच्या घरी तोच डबा. एका बाजूने चेपलेला, तोंडाला निळी चिंधी. तिसऱ्या घरी चिंधी काढलेली होती, चेप तोच. भागूबाई माझ्या कानाशी लागली, "पीठ पाव्हनं होऊन फिरतंय बघ. आमच्यात मुक्काम न्हाई केला, भाकरी झाल्या की कडू उभ्या उभ्या घिऊन गेली." मला हसू आलं. लीनाबाई खाली मान घालून लिहीत होती. खोटं असं तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तराजूत पीठ खरं होतं, वजन खरं होतं.

मी वजनं उचलून देत राहिले. अब्रू काही माझ्या एकटीची नव्हती.

सोमवारी पाचवं, आपलं घर. मी पांढरी भाकर थापली तशी साळू चुलीशी येऊन म्हणाली, "आजी, आज सन हाय का?" लीनाबाई हसली. साळूने चतकोर घाईघाईने खाल्ली आणि सगळी ओकून टाकली.

लीनाबाईने तिला मांडीवर घेतलं. पायावर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. तिने कागद उलटसुलट करून पाहिले. म्हणाली, "आजी, पाचही घरांत खाणं पुरेसं आहे. तुमच्याकडेही. मग हिला दुसरंच काही दुखणं असणार. नगरला मोठ्या दवाखान्यात न्या." आणि कागद गुंडाळताना म्हणाली की, मुलांना दूध आणि सुकडी द्यायचं केंद्र कुठे उघडायचं ते याच मोजणीवरून ठरणार. या गावाला ते मिळेलसं दिसत नाही.

"हे पहिल्यांदा का न्हाई सांगितलं, बाई?"

"आधी सांगितलं तर लोक डबे लपवतात, आजी. म्हणून आम्हाला सांगायची मनाई असते."

तिचंही बरोबर होतं. डबे लपवलेच होते आम्ही, फक्त लाल पिठाचे.

लीनाबाईला खरं सांगू का, असं विचारायला दुपारी मी कडूबाईकडे गेले. ती म्हणाली, "सांग की. अन् हेबी सांग गोजरे, तुझ्या शेजारनी खोटारड्या हायेत म्हून. माझ्या भावाचं पीठ मी कुनाच्याबी चुलीला दीन, सरकारचं काय गेलं त्यात?" मग माझ्या कडेवरच्या साळूकडे पाहिलं आणि आत निघून गेली. हो म्हणाली नाही.

पुष्पा, मागच्या दोन पत्रांत मी लिहिलं होतं की साळू दीड भाकर खाते, अंगाने भरली आहे. ते खोडून वाच. ती भरलेली नाही, सुजलेली आहे. संक्रांतीच्या आधीपासून मला दिसत होतं. तू उसाच्या फडात, हातात कोयता, तिथून काय करणार, म्हणून चांगलं तेवढं लिहीत गेले. तुझे वडील गेले तेव्हाही 'आजार थोडा आहे' असंच तुला कळवलं होतं, आणि तू पोचलीस ती राख सावडायला. त्याबद्दल तू मला कधी एका शब्दानेही बोललेली नाहीस, पण मी ते विसरलेले नाही. आता काय करायचं, यायचं की कसं, ते तुम्ही दोघांनी ठरवा.

मंगळवारी सकाळी लीनाबाईची बांधाबांध चालली होती. तराजू तेवढा पोत्यात घालायचा राहिला होता. मी चुलीमागचा लाल पिठाचा डबा ओढून काढला, घरात होतं नव्हतं तेवढं पीठ पारड्यात ओतलं आणि म्हणाले, "हे आमचं. शनवारपर्यंत पुरवायचंय." मग साळूला आणून त्या पारड्याशेजारी उभी केली.

साळूला सांभाळते म्हणून तुला शब्द दिलेली,
तुझी आई
गोजरबाई