कळमटोकाची रेषा

रवि. ५ जानेवारी
नऊ वर्षांनी माझी पाळी आली! आपल्या गटात माणसे नऊ; हंगामातली शेवटची, फेब्रुवारीतली चढाई कोणत्या शिखरावर करायची ते दर वर्षी एकाने ठरवायचे. पुढली पाळी येईल तेव्हा मी त्र्याऐंशी वर्षांचा असेन. म्हणजे येणार नाही, असे धरून चालावे. तरीही आज देसायांच्या घरून परतताना पाय जमिनीवर नव्हते.

एकोणीस तारखेस बैठक. तोवर निवड गुप्त. प्रथा जुनीच: नाव उच्चारायचे नाही, पेन्सिलीने, हात न उचलता, शिखराची आकाशरेषा कागदावर काढायची. तीन अंदाजांत कोणी ओळखली तर शिखर पक्के. न ओळखल्यास पाळी गेली, पुढल्याने निवडावे. ज्याचा आकारच मनात ठसलेला नाही, ते शिखर मागण्याचा अधिकार नाही, हे या नियमामागचे तत्त्व. नियम मीच घातलेला आहे.

सोम. ६ जानेवारी
लोक शिखर कशावरून निवडतात, याचा विचार दिवसभर डोक्यात. देसाई पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी कुठे चांगली मिळते, त्यावरून. कुळकर्णीबाईंना माथ्यावर देऊळ लागते. तावडे मूळचा मालवणकडचा. ज्या माथ्यावरून समुद्राची निदान शंका तरी येईल तोच त्याला पसंत. केतकी (वय चौतीस, गटात सर्वांत धाकटी, पवईला नोकरी) संगणकावर नकाशातल्या समान उंचीच्या रेषा मोजते आणि जिथे त्या दाटीने येतात, म्हणजे चढ सर्वांत खडा, तिथे बोट ठेवते.

मी? गेल्या वेळी धोडप निवडला होता. कारण प्रामाणिकपणे लिहायचे तर, त्याची खाच काढायला सोपी.

यंदा साल्हेर. दुसरे काही मनातच येत नाही. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, आणि मी अजून न पाहिलेला!

बुध. ८ जानेवारी
सोसायटीचे बारा मजले दोनदा. उजवा गुडघा (यापुढे गु.) उतरताना कुरकुरला, चढताना मूग गिळून होता.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. सुमती मटार सोलायला बसली.
"तुमचा डोंगर जरा सरकवा. मला ताट ठेवायचंय."
सरकवला. म्हणाली, "साल्हेर ना?"
"गुप्त आहे."
"गुप्त कसलं? काल झोपेत दोनदा म्हणालात." मग एक दाणा तोंडात टाकून, "मफलर विणायला घेतलाय. तिकडे वारा असेल."

शनि. ११ जानेवारी
केतकी येऊन गेली. निवड सांगितली नाही. पण हिच्यापासून काही लपत नाही.
"अप्पाकाका, एक विचारू? उंची, नाव, फोटो हे सगळं सोडा. जिथं नाही गेलात तर चुटपुट लागेल असं कुठलंय?"
"सगळीच."
"असं नसतं ना! एकच असतं."
 पोर आगाऊ आहे, परंतु प्रश्न चोख विचारते.

सोम. १३ जानेवारी
हात बसावा म्हणून सकाळपासून रेषा काढीत बसलो. साल्हेर आधी छायाचित्रावरून, मग न पाहता. नंतर हौसेने सगळी जुनी शिखरे. माहुलीचे सुळके जमले. चंदेरी जमली. म्हटले, आता पहिल्यापासून क्रमाने काढू. पहिले कळमटोक.

हात थांबला. कळमटोक काही केल्या येईना.

अडतीस वर्षांपूर्वी, श्रावणात, तावडे आणि मी. आमची दोघांचीही पहिली चढाई. वेळुंडे गाव सोडले तेव्हापासून ढगात. हातभर अंतरावरचे दिसत नव्हते. म्हणजे मी ते शिखर चढलो आहे, पाहिलेले मात्र कधीच नाही! गंमत वाटली. केतकीला निरोप पाठवला, कळमटोकाचे छायाचित्र आहे काय? दहा मिनिटांत आले. शेजारच्या डोंगरावरून हिवाळ्यात काढलेले, स्वच्छ.

दोन माथे आहेत. दक्षिणेचा बुटका, मध्ये खिंड, उत्तरेचा चांगला दोनशे फूट उंच, उघडा कातळ. बुटक्यावर शेंदूर फासलेला दगड आणि निशाण, असे केतकीने खाली लिहिले आहे. उंच माथ्यावर काहीही नाही.

माझी चढाईची वही काढली. पान पहिले, माझेच अक्षर: "शिखरमाथ्यावर शेंदरी दगड व निशाण. धुके दाट. स. ११.२० वा. शिखर सर."

संध्या. ७.
छत्तीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून नोकरी केली. दुसऱ्यांच्या पानांवरच्या चुका पकडून पोट भरले. आणि स्वतःच्या वहीच्या पहिल्याच पानावर…

मंगळ. १४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन तावड्याकडे. त्याने लाडू तोंडात टाकला, मी छायाचित्र पुढे केले, आणि अडतीस वर्षांत झाले नाही एवढे भांडण झाले.

"अप्पा, मेल्या, अडतीस वर्षां झाली! माझ्या झिलाक, नातवांक, सगळ्यांक सांगलंय मी. आता काय सांगू, आजोबा टेकाडार जावन इलो म्हणान?"
मी म्हणालो, खरे ते सांग.
"खरा काय ता माका शिकवू नको. थंय वर जाऊक वाटच नव्हती. संपली होती."
"दिसत नव्हती, तावडे. संपली नव्हती."
"तू तुझ्या वयेत काय्येक लिव. माझा शिखर खोडू नको!"

वहिनी स्वयंपाकघरातून, "अहो, आज तरी गोड बोला."  उठून आलो. लाडूंचा डबा तिथेच राहिला.

गुरु. १६ जानेवारी
वहीत दुरुस्ती केलेली नाही. लाल पेन दोनदा उघडून बंद केले. त्या पानावर तावड्याचेही नाव आहे; एकट्याने खोडण्याचा मला अधिकार नाही.

परंतु आज पहाटे बाराव्या मजल्यावर, जिन्याच्या खिडकीशी दम खात असताना, एकदम सगळे लख्ख झाले. खोडायचे कशाला? पूर्ण करायचे! राहिलेले दोनशे फूट जाऊन चढायचे! पाळी माझी, शिखर माझे, कोण अडवतो? जिन्यात एकटाच मोठ्याने हसलो. दुधवाला वळून पाहू लागला.

साल्हेर जागच्या जागी राहील. तिथे कोणीही जाईल. कळमटोक नीट चढायचे बाकी असलेली माणसे जगात दोनच आहेत.

सुमतीला सांगितले.
"साल्हेर सोडून ती टेकडी?"
"टेकडी नव्हे. दोन हजार सातशे फूट आहे."
"मग मफलर अर्धाच विणते."
तरीही सुया थांबल्या नाहीत.

शनि. १८ जानेवारी
रेषा तीसेक वेळा काढली. खिंडीचा उतार आता डोळे मिटून येतो. उद्याची भीती मात्र निराळीच आहे: ओळखणार कोण? कळमटोक कोणाच्या यादीत नाही, कोणी तिकडे गेलेले नाही. केतकीने छायाचित्र दिले, म्हणून नियमाने तिने बोलायचे नाही. उरतो तावडे. चार दिवसांत त्याचा फोन नाही.

रवि. १९ जानेवारी
सगळे सविस्तर लिहून ठेवतो. 

बैठक कुळकर्णीबाईंकडे. गुप्त म्हणून राहिले कुठे! सगळे साल्हेरच्याच तयारीत. देसायांनी तर जीपवाल्याशी नाशिकच्या बाजूचे बोलणेही करून ठेवलेले. मी कागद घेतला, रेषा काढली, हात उचलला नाही. कागद मधोमध ठेवला.



"हे साल्हेर नाही," देसाई म्हणाले, जणू मी त्यांना फसवले होते. मग, "माहुली?"
नव्हे.
कुळकर्णीबाईंनी चष्मा पुसला. "सिद्धगड असेल. हो ना, अप्पा?"
नव्हे.

उरला अंदाज एकच. पुढली पाळी देसायांची; त्यांनी खुर्ची पुढे ओढलीच. केतकी ओठ दाबून छताकडे बघत होती. तावडे कोपऱ्यात, हाताची घडी. मला स्वच्छ कळत होते की तो गप्प राहिला तर त्याचे शिखर वाचते आणि माझी पाळी जाते. त्याने गप्प राहावे यात काही गैरही नव्हते.

तो उठला. कागदावर वाकला.
"ह्या आमचा कळमटोक," म्हणाला. मग बुटक्या माथ्यावर बोट टेकवले. "आणि आमी दोघव हयसर उभे रवान ओरडलंव. शिखर सर म्हणान."

सगळे हसले. तोही हसला, पण उशिरा.

खाली आल्यावर विचारले, तुला आकार कसा ठाऊक?
"नातवाक सांगून फोनार काढून घेतलंय. चार दिवस तांच बघतंय. झोप नाय मेल्या." मग चार पावले चालून, "तुझो डबो घरी आसा. लाडू संपले."

कळमटोक पक्के. रवि. ९ फेब्रु.!

शुक्र. २४ जानेवारी
डॉक्टरांनी गु. वाकवून, वळवून पाहिला. "चढा. उतरताना काठी. आणि हौसेला थोडा लगाम." पहिली दोन वाक्ये लक्षात ठेवली.

गटाच्या निरोपांत देसायांनी "सर्वांनी वेळेत हजर रहावे" असे लिहिले आहे. "राहावे" पाहिजे. आज काही बोललो नाही. एवढा आनंद आहे.

रवि. २ फेब्रुवारी
येऊरच्या बाजूला सराव. तावडे आणि मी सगळ्यांत मागे, पण न थांबता. हवा कोरडी, पायाखाली पानांचा चुरा. परतताना केतकीने दोघांना बाजूला घेतले.

"अप्पाकाका, तावडेकाका, एक स्पष्ट सांगते हं. बारा वाजता जिथं असू तिथून मागे. खिंडीच्या वरती सावली नाही, पाणी नाही. तुम्ही चिडा, रुसा, काहीही करा."
"आणि माथा दहा फुटांवर असला तर?"
"तरी मागे."
तावडे म्हणाला, "ह्या पोरीक पोलिसात घालूक होया होता."
मी मान्य केले. नियम योग्य आहे. योग्य नियमाचा इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता.

शनि. ८ फेब्रुवारी
पिशवी भरली, उपसली, पुन्हा भरली. काठी, पाणी तीन लिटर, गु. साठी पट्टा, चढाईची वही, ही रोजनिशी, पेन्सिल. मफलर पूर्ण झाला आहे. अर्धा म्हणाली होती, प्रत्यक्षात पूर्ण गळाभर. सुमती म्हणाली, "माथ्यावर पोचलात की आधी फोन करा. मग लिहीत बसा."

पहाटे पावणेपाचला चेकनाक्याजवळ जीप. झोप येणे अशक्य. सातवीतल्या मुलासारखे झाले आहे, आणि त्याची लाज वाटत नाही.

रवि. ९ फेब्रुवारी
स. ७.०५. वेळुंडे. गाव ओळखू येत नाही. घरे पक्की झाली, शाळा झाली. पण डोंगर समोर आहे, आणि दिसतो आहे! संपूर्ण! तावडे दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच मिनिटे नुसता उभा. "एवडो मोठो होतो?" म्हणाला. चहा घेऊन निघालो.

स. १०.५०. बुटका माथा. दगड तोच, शेंदराचे थर जाड झालेले. निशाण नवे. इथेच उभे राहून आम्ही आरोळी ठोकली होती. आणि उत्तरेस, हाकेच्या अंतरावर, डोक्यावर छाती काढून उभा असलेला खरा माथा! एक ढग बाजूला सरता तर कळले असते.  तावडेच आधी खदखदून हसू लागला, मी हसलो, दगडाला हात लावून दोघेही डोळ्यांत पाणी येईतो हसलो. कुळकर्णीबाईंनी नारळ वाढवला.

माझ्या चढाईच्या वहीत, त्या पहिल्या पानासमोर, तावड्याने स्वतःच्या हाताने लिहिले: "हय पोचलंव. वर नाय." सही केली. मी एक अक्षरही दुरुस्त केले नाही.

स. ११.३५. खिंड. उतरताना वेळ गेला, गु. ने दगा दिला असे नव्हे, पण प्रत्येक पायरीस हिशेब मागितला. बाकीचे पुढे गेले. देसाई माथ्यावर पोचलेसुद्धा, तिथून टोपी हलवताहेत. बोटाएवढे दिसतात. वरून हाक आली, समुद्र दिसतो म्हणे! देसायांचे काही खरे नाही, पण तावडे ताडकन उठून बसला.

वरचा टप्पा इथून पूर्ण दिसतो. आधी गवताची धार, मग कातळ. कातळात पकडी आहेत, केतकी मघाशी पुढे जाऊन एकदा चढून पाहून आली. तिला बारा मिनिटे लागली. मला तिच्या दुप्पट. घड्याळात पंचवीस आहेत.

गु. चा पट्टा आवळला. मफलर काढून पिशवीत ठेवला, ऊन आहे.

तावडे: "लिवन झाला काय रे? माका तर चलाचा आसा."
केतकी: "अप्पाकाका, अकरा छत्तीस. ठरवा पटकन, मी मागून येते तुमच्या."

तावडे गवताच्या धारेला लागला. मागे वळून पाहत नाही. रोजनिशी बंद करतो. यापुढे दोन्ही हात लागणार आहेत.