शिडीची बदली

तीर्थस्वरूप मामींना, दोन्ही कान धरून नमस्कार.

पत्र लिहायचं लिहायचं म्हणत मी इतकं लांबवलं की आता कारण सांगायचीही लाज वाटते. आधी पेन नव्हतं, मग पेन मिळालं तर सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि मग सांगण्यासारखं इतकं झालं की कुठून सुरू करू ते कळेना. तुमची तब्येत कशी आहे? (हाडांच्या डॉक्टरला तब्येत विचारतात की नाही मला माहीत नाही, पण शाळेत पत्राचा नमुना शिकवला त्यात होतं, आणि त्याच्या पुढचा धडा आला तेव्हा मी शाळेत नव्हतो.) मामा अजून बसल्या बसल्या घोरतात का? मी बरा आहे. म्हणजे कालपर्यंत होतो. आता आरशात बघावं तेव्हा तोंड उतरलेलंच दिसतं.

तुम्हाला वाटत असेल मी बेकरीतच आहे. बेकरी सुटली. (चूक माझी नव्हती, भट्टी माझ्यावर सोपवून जाणाऱ्याची होती.) मध्ये थोडे दिवस एका रंगाऱ्याच्या हाताखाली होतो, ते राहू दे. सध्या एका बास्केटबॉल क्लबची गाडी चालवतो, चेंडू सांभाळतो आणि क्लबच्याच वरच्या खोलीत राहतो. खोलीतली दुसरी खाट शिडीची. शिडी म्हणजे आमच्या संघातला सगळ्यात उंच खेळाडू. त्याचे पाय खाटेबाहेर इतके येतात की दाराकडे जायचं तर आधी त्यांना वळसा घालावा लागतो. माणूस मात्र लोण्यासारखा. स्वतःच्या कपड्यांबरोबर माझेही धुतो आणि मी कुठे कुठे हिंडलो ते सगळं खरं मानून ऐकतो. या क्लबने आजवर एकदाही कप जिंकलेला नाही. कपाटात कपासाठी एक फळी रिकामी ठेवलीय, तिथे सध्या कोचची छत्री असते. यंदा मात्र शिडीच्या जोरावर आम्ही सगळे त्या छत्रीकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो होतो.

आता गुडघ्याकडे येतो. जिना उतरताना शिडीचा उजवा गुडघा कटकट वाजतो. तो आवाज मॅनेजरांनी ऐकला आणि त्यांची झोप उडाली. नेमकं तेव्हाच पलीकडच्या गावच्या क्लबने, म्हणजे तुमच्या गावच्याच, विचारलं की शिडी आम्हाला द्या, त्याच्या बदल्यात आमचे दोघे घ्या. (फायनलच्या तोंडावर अशी अदलाबदल करायला या स्पर्धेत मुभा आहे. का आहे ते मला विचारू नका.) मग आठवडाभर ऑफिसात भाजी निवडावी तशी माणसं निवडणं चाललं. त्या दोघांपैकी एकाचा नेम पक्का, पण शिंकला की खांदा निखळतो. दुसरा धडधाकट, आजारी म्हणून पडत नाही, फक्त चेंडू अंगावर आला की डोळे मिटतो. मॅनेजर म्हणायचे, गुडघा मोडायच्या आत बदली करून मोकळे होऊ, नंतर त्याला फुकटही कोणी घेणार नाही. कोच म्हणायचे, फायनलपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही, बदली करायची तर मी सांगेन तेव्हा. सकाळ-संध्याकाळ बदली, बदली. माझ्या डोक्यात त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता.

त्यात कोचचा घसा बसला. ओरडून ओरडून आवाज पार गेला, म्हणून सेमीफायनलला त्यांनी मला शेजारी बसवलं. ते माझ्या कानात कुजबुजणार आणि मी मैदानाकडे तोंड करून ओरडणार. (माझा आवाज कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या दवाखान्यात मी एकदा नुसता शिंकलो तर पेशंट टेबलावरून उतरला होता.) काम झकास चाललं होतं. मॅच संपत आली, आम्ही एका गुणाने मागे, आणि शिडी उडी मारून खाली आला तो गुडघा धरूनच. खेळाडू बाहेर घ्यायचा तर कोच एरवी म्हणतात 'काढ त्याला', नाहीतर 'बसव'. त्या दिवशी म्हणाले, "शिडीची बदली कर म्हणावं," आणि पंचांच्या टेबलाकडे बोट केलं. टेबलामागे मॅनेजर उभे होते.

मी धावत गेलो आणि मॅनेजरांना सांगितलं, कोच म्हणतात शिडीची बदली करा. मॅनेजर एकदम उजळले. म्हणाले, नक्की विचारून ये. बघा मामी, मी विचारूनही आलो. कोच माझ्यावरच वैतागले, "अरे आत्ताच्या आत्ता. गुडघा बघ त्याचा." मॅनेजर फोन काढत बाहेर गेले. शिडी मैदानातच राहिला, कारण त्याला बसवायला कोणी सांगितलंच नाही, आणि शेवटची बास्केट त्यानेच टाकली. आम्ही फायनलला पोचलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, तेवढ्यात मॅनेजर आले आणि कोचचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. तुम्ही सांगितलंत तसं जमवलं. उद्यापासून शिडी त्यांचा."

कोचनी तोंड उघडलं, आवाज नाही. मला खाली ओढून माझ्या कानात जे काही म्हणाले ते मी सवयीने भर मैदानात मोठ्यांदा ओरडलो. ते सगळं माझ्याबद्दल होतं.

फायनलला समोर तोच क्लब आहे. म्हणजे शिडी आमच्याच डोक्यावरून बास्केट टाकणार. सकाळी तो बॅग उचलून गेला, मला एक शब्द लावून बोलला नाही, उलट माझा टॉवेल धुऊन वाळत घालून गेला. तेव्हापासून जेवण जात नाहीये. कोचनी छत्री परत फळीवर ठेवलीय, तीही आडवी.

असो. तुमच्याकडून काही मागावं म्हणून हे लिहिलेलं नाही, नुसतं मन मोकळं केलं. मामांना नमस्कार.

तुमचा भटका भाचा

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. ही बदली पक्की व्हायला डॉक्टरची तपासणी बाकी आहे, आणि त्या क्लबचे खेळाडू तुम्हीच तपासता असं कळलं. हिरवी बॅग घेऊन ताडमाड माणूस येईल. तुम्ही फक्त गुडघा खराब आहे म्हणा. तेवढ्याने तो परत आमचा होईल आणि फायनल खेळेल. गुडघा ठणठणीत आहे, रोज मीच शेकतो. फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की मला खोटं बोलता येत नाही. म्हणून पत्र, बसच्या ड्रायव्हरच्या हाती.

ता. क. दुसरा. तोंडाने खोटं बोलवत नसेल तर गुडघ्याकडे बघून नुसती मान हलवा. डॉक्टरने मान हलवली की लोक पुढचं स्वतःच समजून घेतात.

ता. क. तिसरा. दार वाजलं म्हणून उठलो तर वाकून शिडी आत आला. बॅग हातात, गुडघ्याला पट्टा. खाटेवर बसला आणि म्हणाला, "डॉक्टरीणबाईंनी नापास केलं रे. आता उडी मारलीस तर पुढे काठी घेऊन चालशील म्हणाल्या." मामी, हे पत्र तर अजून माझ्याच हातात आहे.