शिट्टी सेठच्या खिशात आहे

१२ मे, मंगळवार

हे तं सरळसरळ फसवणं झालं. हुकुमचंद सेठ आमच्या खाटेवर बसून, माझ्याच हातचा चहा पिऊन सांगून गेला का चंद्राबाई, मिलमध्ये बारा जणांचा स्वयंपाक आहे, तुमच्यासारखी बाई मले दुसरी दिसत नाही. मी मुर्रीहून बोचकं घेऊन कामठा रोडच्या त्याच्या बंद राइस मिलमध्ये आली, तं बारा जण कुठं आहेत? एक म्हातारा केशोराव, अन् एक भालू. बारा जणांचं एकटं भालूच खाते म्हणे! म्हणजे मी भालवाची स्वयंपाकीण. आमच्या पोवार जातीत कोणी आइकलं तं पंगतीत मले पाहून हसतीन. सेठले तसं तोंडावर बोलली. तो म्हणे, बाई, भालू तुमच्या भाजीले नावं नाही ठेवणार. यावर मले हसू आलं, तिथंच मी फसली.

बाकी जागा झकास आहे, खोटं कायले बोलू. खोली सिमेंटची, कूलर नवा, नळाले दिवसभर पाणी. दारात आंबा असा लदला आहे का फांद्या जमिनीले टेकल्या. बिरसीच्या विमानतळाचं शिकाऊ विमान डोक्यावरून घुमून राहिलं होतं. मी त्याले हात केला. कोणी पाहत नव्हतं.

ही वही निशानं देली, माझ्या पोरीनं. म्हणे, आई, राग आला का यात लिही, लोकाइचे कान नको खाऊ. मी चौथी शिकली. कोणाले चुका काढाच्या असतीन तं आपल्या घरी काढा.

१३ मे, बुधवार

भालवीचं नाव गुलाबो. सेठच्या बापाची सर्कस होती. भालू नाचवाले बंदी आली तवा ही पिल्लू होती. बाकीची जनावरं सरकारनं नेली, हिले बापानं कागदावर मारून टाकलं अन् मिलमध्ये लपवलं. म्हणजे कागदावर ही पंचवीस वर्षं झाली मेली आहे, अन् रोज गंजभर भात खाऊन राहिली आहे.

मले भालूचा राग आहे. काऊन ते लिहितो. चार वर्षांआधी मोहफुलं वेचाले मी अन् माझी नणंद सुशिलाबाई जंगलात गेलो होतो. मोहाखाली भालू येते, म्हणून एकीनं वेचाचं अन् एकीनं डबा वाजवाचा, अशी आमची पद्धत. डब्याच्या आवाजानं भालू पळते. त्या दिवशी डब्याची पाळी माझी होती. फुलं भल्ली पडली होती. मी डबा खाली ठेवला अन् वेचू लागली. भालूनं सुशिलाबाईचा एक डोळा अन् अर्धं नाक नेलं. तिनं मले कधी एका शब्दानं म्हटलं नाही. म्हटलं असतं तं बरं झालं असतं.

म्हणून आज भाताचा गंज घेऊन पिंजऱ्याजवळ गेली तं आधी तेलाचा रिकामा डबा घेतला अन् दणादण वाजवला. भालू पळालं नाही. दोन पायांवर उभं झालं अन् नाचू लागलं! हा पाय उचल, तो पाय उचल, मान इकडं, मान तिकडं. मी पोट धरून हसली. सेठ तिथंच होता. त्यानं खिशातून पितळेची शिट्टी काढून वाजवली. भालू गपकन बसलं अन् भातात तोंड घातलं. सेठ खूश. म्हणे, चंद्राबाई, तुमाले तं पहिल्याच दिवशी जमलं. ३१ तारखेले, रविवारी, त्याच्या नातवाचा वाढदिवस आहे फार्महाऊसवर. पाहुण्यांसमोर गुलाबो नाचणार. तवापर्यंत तिले खाऊ घालून तगडी कराची.

१७ मे, रविवार

चार दिवस दोन्ही वेळा डबा वाजवला. ती नाचते, सेठ शिट्टी मारते, मग ती खाते. मले वाटलं, सुशिलाबाईले दाखवावं. ज्या जातीनं तुले फाडलं ती माझ्या डब्यावर नाचते, पाह्य. आज तिले ऑटोत बसवून आणली.

मी डबा वाजवला. गुलाबो नाचली. सुशिलाबाई एका डोळ्यानं पाहत राहिली. हसली नाही. खाली वाकून भालूचे तळवे पाहू लागली. मग माझ्या हातातला डबा घेतला अन् जमिनीवर ठेवला. म्हणाली का वहिनी, जंगलात मी त्या भालवीच्या अन् तिच्या पिल्लाच्या मधात गेली होती. ती तिच्या घरी होती. तिनं जे केलं ते केलं. हिनं तुझं काय केलं वो?

मी डबा उचलून चुलीमागं ठेवला. 

जाताना ऑटोत बसून म्हणाली, हिच्या पायाले कातडी नाही. पाहिलं नाही काय?

१८ मे, सोमवार

पाहिलं. तळवे लाल, मधात काळे, भाजलेल्या वांग्यासारखे. केशोरावले धरलं, तो सर्कशीपासूनचा नोकर. त्यानं सांगितलं. पिल्लाले लोखंडी पत्र्यावर उभं कराचं, खालून कोळसा लावाचा अन् बाजूनं डबा वाजवाचा. पिल्लू पाय उचलते. महिनाभर असं केलं का मग कोळसा लागत नाही. डबा वाजला का तिच्यासाठी पत्रा तापलाच.

मी विचारलं, अन् शिट्टी?

शिट्टी वाजली का पत्र्यावरून उचलून पाण्यात ठेवाचं अन् खाऊ घालाचं. शिट्टी फक्त मालकाच्या हातात. केशोराव म्हणाला का सर्कशीत असंच असते. नाचवणारा नोकर भालू घेऊन पळून गेला, तरी त्याले नाच थांबवता येऊ नये. तिले नाचवू कोणीबी शकते. थांबवते फक्त मालक.

डबा मी कालपासून बंद केला. चुलीत टाकला असता, पण डबा जळत नाही.

सेठ आज रायपूरले गेला. ३० ले येतो म्हणे. शिट्टी त्याच्या खिशात.

२१ मे, गुरुवार

ऊन असं का नळाचं पाणी चहाले चालते. आज अकरा वाजता मी तांदूळ निसत होती अन् मिलच्या टिनाच्या छपरातून आवाज आला. टिन तापते तवा ताणते, त्याचा आवाज. टण. मग थांबून टण. मग टण टण टण, सगळ्या छपरावर.

पिंजऱ्याकडं धावली. गुलाबो उभी होती. नाचून राहिली होती.

मी ओरडली, बस वो माय, कोणी वाजवत नाही, छप्पर आहे ते! ती मले पाहून राहिली अन् पाय उचलून राहिली. अकरापासून साडेपाचपर्यंत. टिन थंड झालं तवा जागेवर पडली. भाताले तोंड लावलं नाही. शिट्टी झाली नाही ना. नाच सुरू झाला का शिट्टीबिगर खात नाही. केशोराव म्हणे, इतकी वर्षं छपरानं ती कधी उठली नाही, तुमच्या डब्यानं जुनी सवय जागी केली.

२३ मे, शनिवार

कामठ्याच्या दुकानातून शिट्टी आणली. वाजवली. कुकरची वाजवली. केशोरावनं दोन बोटं तोंडात घालून वाजवली. ती आमच्याकडं पाहते, एवढंच.

सेठले फोन केला. म्हटलं, आजच्या आज येजा, भालू मरते. तो म्हणाला का बाई, लग्नाच्या बोलणीत बसलो आहो. पुढच्या शनिवारी येतो. मी म्हटलं, फोनवरून वाजवा. हसला. वाजवली खरी. फोनमधून काही तिले पटली नाही. मग मी म्हटलं, वनखात्याले सांगतो. तं सेठचा आवाज थंड झाला. म्हणे सांगा, पण भात कोण घालते, डबा कोणं वाजवला, हेबी सांगा. आधी तुमाले नेतीन.

डबा कोणं वाजवला. बरोबर आहे.

तीन दिवस झाले, तिनं खाल्लं नाही.

२५ मे, सोमवार

नौतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. मी आज डोकं चालवलं. मिलमागं तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग आहे. शिडी लावून सगळं तणस छपरावर पसरलं अन् पाइपानं भिजवलं. केशोराव खालून म्हणे, बाई, पडसान. मी म्हटलं, तू पाइप धर अन् तोंड बंद ठेव.

अकरा वाजले. बारा वाजले. छप्पर मुकं. गुलाबो कुशीवर निजली होती. डोळे उघडे. मी पिंजऱ्याशी बसून रडली, खोटं कायले बोलू.

अन् मग आवाज आला. धप. धप. पाय उचलून ठेवल्याचा.

गुलाबो पडूनच होती. मी मागं पाहिलं. केशोराव बाकड्यावर बसल्या बसल्या दुपारची झोप घेऊन राहिला होता. मान छातीवर. त्याचे पाय जमिनीवर उचलून राहिले होते. हा. तो. हा. तो.

उठवलं. म्हणाला, तीस वर्षं झाली, बाई. मले समजतबी नाही. माझी बायको यापायी माहेरी गेली.

मी विचारलं, थांबवाचं कसं?

तो म्हणाला, शिट्टीनं.

२७ मे, बुधवार

काल वावटळ आली. तणस उडालं. दोन मजूर बोलावले, चढाले तयार नाही. म्हणतात, खाली काय नाचते?

छप्पर दहालेच सुरू झालं. गुलाबो उठली. उठवत नव्हतं तरी उठली.

मी घरी पळाली. मुर्रीले. सुशिलाबाई अंगणात जेवाले बोलावत होती. शेजारच्या पोरीनं खेळता खेळता ताटलीवर चमचा वाजवला.

सुशिलाबाई माझ्या पायांकडं पाहू लागली.

मीबी पाहिलं.

 तिनं पोरीच्या हातातून चमचा घेतला अन् माझे दोन्ही पाय धरून बसून राहिली. तरी तिच्या हातात— उचलतच—

तळव्याले फोड आहेत. मी उन्हात अनवाणी चालली असीन. चालली असीन ना?

परत आली. ती एकटी आहे. डबा मी वाजवला होता.

२८ मे, गुरुवार

गुलाबो गेली. पावणेबाराले. उभ्यानं पडली.

टिन वाजून राहिलं होतं. मी आत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. भल्ले मोठे दात. मले भेव वाटलं नाही. गार पडेपर्यंत बसली. छाती हलत नव्हती. पाय हलत नव्हते. मी हात लावून पाहिले. चारही.

तरी पिंजऱ्यात आवाज. धप. धप.

मी मांडी घालून बसली होती. केशोराव बाहेर नळावर होता. तरी—

सेठले फोन. म्हणाला, गड्डा करून पुरून टाका. चिंता कराची गरज नाही, कागदावर ती कधीचीच मेली आहे. वाढदिवसाले जादूगार बोलावतो म्हणे. मग शनिवारी यायचं काय काम? येत नाही.

म्हटलं, शिट्टी. म्हणे, आता शिट्टी कायले?

फोन ठेवला त्यानं.

२९ मे, शुक्रवार

पुरलं नाही. केशोराव पुरू देत नाही.

सकाळी साडेदहाले तो पिंजऱ्यात गेला. आतून कडी लावली. गुलाबोच्या बाजूले उभा. नाचून राहिला आहे. म्हातारा माणूस. डोळे माझ्याकडं. मी म्हटलं, भाऊ, बाहेर ये गा. तो म्हणाला, येतो, बाई, शिट्टी होऊ द्या.

निशाले फोन लागत नाही. सुशिलाबाई ऑटो घेऊन निघाली आहे.

मी उभ्यानं लिहून राहिली. बसली तरी पाय— वही खिडकीत ठेवली आहे. अक्षर वाकडं आहे, ते पायांपायी.

सेठ, हे तुमच्यासाठी. सुशिलाबाई वही तुमाले नेऊन देईन. दोन गोष्टींचं उत्तर पायजे. एक, गुलाबोले कोणत्या जंगलातून तिच्या मायजवळून उचललं, ते वनखात्यासमोर सांगा. मी डबा वाजवला हे मी सांगीन, लपवणार नाही. दोन, शिट्टी घेऊन या अन् इथं उभं राहून वाजवा. गुलाबोसाठी उशीर झाला. केशोरावसाठी वाजवा. माझ्यासाठी—

सोमवार, १ जून. दुपारी बाराच्या आत. बारा वाजून एक मिनिट झालं तं सुशिलाबाई वही घेऊन वनखात्यात जाईन, मी चालू शकत असीन तं मी—

अकरा वाजले. वर टिन

टण

सेठ, सोमवार. सोमवारपर्यंत सांगा, थांबवाचं क