कमलकाकूचं अस्वल

शनिवार, संध्याकाळ. आरमोरी.

नुसती चिडचिड होतेय. घरी येऊन पंधरा दिवस झाले आणि एवढं एक काम होत नाही. फ्रान्समधल्या आमच्या प्राध्यापिकेने सांगितलंय, आपापल्या बोलीतली एक गोष्ट रेकॉर्ड करून आणा, मग तिचं फ्रेंच भाषांतर करा. म्हणून आज शेजारच्या कमलकाकूकडे गेले. मोहाची फुलं वेचताना अस्वल समोर आलं, ती गोष्ट काकू दर उन्हाळ्यात सांगते आणि आम्ही हसून लोळतो.

फोन समोर धरला तशी ती पदर सावरून ताठ बसली. "मी मोह वेचण्यास गेले. तेथे मला अस्वल दिसले." संपलं!

"काकू, असं नाई. नेहमीसारखं सांग ना. मले म्हण."

"काऊन? फ्रान्सचे लोक ऐकतीन. त्यायच्यासमोर मले-तुले बोलू का?" मग अगदी सहज म्हणाली, "तुह्या पुण्याच्या मैत्रिणी आल्या होत्या, तवा तूच त सांगतलं होतं, मले नाई, मला म्हणत जाय."

सांगितलं होतं. चार वर्षं झाली त्याला. तेव्हा ती हसली होती, मला वाटलं विसरली असेल. काय गरज होती मला?

फोन खिशात टाकला. काकू चहा मांडायला आत गेली आणि सुनेला तीच गोष्ट सांगू लागली, अस्वलाच्या आवाजासकट. दोघी खिदळत होत्या. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत राहिले. फोन परत काढायची हिंमतच झाली नाही.