न टेकलेले गुडघे

आईस, कंपालाहून नाबुकेन्याचा उभ्यानंच नमस्कार.

इथे वाफवलेली केळी पोटभर मिळतात, काळजी नको. बाबांचा खोकला कसा आहे? माझं रक्त पुन्हा तपासलं. नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखतंय हे खरं, पण कशानं ते सापडत नाही."

काल सेमाकुलादादा भेटून गेला. मी आपल्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार करत नाही म्हणून सासूबाई चिडल्या, तेव्हा तू स्वतः त्यांच्यापुढे गुडघे टेकलेस म्हणे. म्हणालीस, "पोरगी लाडावलीय, माफ करा."

आई, हे सुजलेले गुडघे तूच शेकत होतीस ना? सासरचे मला ढोंगी म्हणतात, त्याचं एवढं वाटत नाही. त्यांनी सूज पाहिली नव्हती.

तुझी लाडावलेली,
नाबुकेन्या