नव्वद दिवसांची सूट

१ जुलै
आज रुजू झालो. तुरुंगातल्या विद्यापीठ अभ्यासकेंद्राचा शिक्षक. ही खोली पूर्वी विणकामाचं कोठार होती. अजून लोकरीचा वास येतो. विद्यार्थी बारा, सगळे माझ्या आधी जागेवर. गावच्या शाळेत बावीस वर्षं काढली, त्या मानाने ही देवमाणसं. फाटकावर हवालदार ओळखपत्र ठेवून घेतो आणि गळ्यात पत्र्याचा बिल्ला घालतो, निघताना अदलाबदल. म्हणाला, सर, आमचीही जन्मठेपच आहे, फक्त जेवायला घरी सोडतात.

एक विषय सुटला की शिक्षेत पाच दिवसांची सूट, पदवी मिळाली की नव्वद. विद्या माणसाला मुक्त करते हे लहानपणापासून ऐकत आलो. इथे ते दिवसांत मोजून मिळतं. संध्याकाळी देवापुढे जरा जास्त वेळ बसलो. मग आईला चमच्याने दूध पाजलं. अंथरुणाला खिळल्यापासून ती फक्त माझ्या हातून घेते. तिने विचारलं, तुझे चोर अभ्यास करतात का. म्हटलं, मी करायचो त्यापेक्षा बरा.

८ जुलै
बारांपैकी या फेरीला तिघांचेच पेपर आहेत. आज त्यातल्या सुताराचा तपासला. अठ्ठेचाळीस. निकालावर सही केली. त्याचे पाचच दिवस उरले होते, उद्या सकाळी सुटेल. माझ्या पाया पडू लागला, मी हात धरले.

खोलीच्या टोकाला एक म्हातारा हातमागावर बसलेला असतो, भिंतीकडे तोंड करून. तो वर्गातला नाही. हवालदार संध्याकाळी सगळ्यांची गिनती करतो, तेव्हा त्यालाही मोजतो.

१४ जुलै
सही काल केली असं मला वाटत होतं. घरी आलो तर ही रडायला लागली. पाच दिवस मी घरी नव्हतो म्हणे. सरांना कामासाठी ठेवून घेतलंय, असा तुरुंगातून निरोप आला होता. आईने पाच दिवस दुधाला तोंड लावलं नाही, नुसतं पाणी घेतलं.

मला काही आठवत नाही. तळहातांना फोड आलेत. नखांत लोकर आहे. भीती वाटायला हवी, पण हात झोपेत अंगाखाली आल्यावर जसा होतो, तसं आतून झालंय.

२० जुलै
हवालदाराला विचारलं. त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, सर, कोर्टाने दिलेले दिवस हवेत जातात होय? ते भरावे लागतात. ज्याची सही, त्याने भरायचे. मागचे सर फार भले, सगळ्यांना पास करत सुटले. आणि हनुवटीने मागाकडे खूण केली.

म्हाताऱ्याच्या गळ्यात माझ्यासारखाच पत्र्याचा बिल्ला आहे.

राजीनामा दिला. मंजुरीला महिना लागेल. तोवर निकाल माझ्याच सहीने.

२३ जुलै
आचाऱ्याला नापास केलं. शंभरात पन्नास पडत होते, चौतीस दिले, पासाला एक कमी. त्याने कागदाची घडी घातली आणि विचारलं, गुरुजी, चुकलं कुठे तेवढं दाखवा, पुन्हा करीन.

दाखवायला काही नव्हतं. संध्याकाळी देवापुढे बसवेना.

२४ जुलै
चौतीसवर काट मारली. पन्नास. सही.

३० जुलै
पुन्हा पाच दिवस गेले. आईचे ओठ फुटलेत. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे, फार तर तीन. ही माझ्याशी बोलत नाही. मी चमचा धरला तर हात मागाच्या धोट्यासारखा इकडून तिकडे जात राहिला. दूध उशीवर सांडलं. आई हसली.

१ ऑगस्ट
आता फक्त आजोबांचा पेपर राहिलाय. आजोबा म्हणजे वर्गातले सगळ्यांत थोरले, जन्मठेपेचे. हा शेवटचा विषय. सुटला तर पदवी — नव्वद दिवस. त्यांचे तेवढेच उरलेत. घरी बायको आहे, दिसत नाही तिला आता.

निकाल परवा पाठवायचा.

आईकडे नव्वद दिवस नाहीत.

३ ऑगस्ट
पेपर उघडायचा नाही ठरवून आलो. उघडला — नुसता वाचायला.

चांगला लिहिलाय. एक खाडाखोड नाही.

हाताला सवय. बेरीज झाली. एकसष्ट.

सही केलेली नाही. आधी घरी — एकदा दूध पाजून — मग येऊन

आजोबा दारात उभे होते. म्हणाले, गुरुजी, आधी आईकडे जाऊन या. मी थांबतो, मला थांबायची सवय आहे.

त्यांनी असं म्हणायला नको होतं.

सही केली.

बिल्ल्याची दोरी मानेवरून निघत नाही. बाहेर गिनती चाललीय — नऊ — दहा — मागावरचा म्हातारा थोडा सरकला. शेजारी जागा केली —

हिला सांगायला हवं होतं. दूध कोमट हवं. डोकं थोडं उचलून धरायचं. आणि चमचा ओठांच्या डाव्या